परमुलखातलं मूल: दत्तक घेऊ पाहणाऱ्यांना कानमंत्र

पोरांनो, मूल दत्तक घ्यायचं मनात आलं की माणूस आधी पाळण्याचा विचार करतो, मग नावाचा, मग शाळेचा. कागदांचा नंबर सगळ्यात शेवटी. मूल आपल्या देशातलं असेल तर हा उलटा क्रम एक वेळ निभावून जातो. मूल परदेशातलं, त्यातही मुस्लिम देशातलं असेल तर अजिबात निभावत नाही. पुण्यातून दुबई, दोहा, मस्कतला नोकरीला गेलेली जोडपी आता घरोघरी आहेत. त्यांच्याकडून हा प्रश्न हमखास येतो: "इथलं एखादं अनाथ मूल आपल्याला घेता येईल का?" पुण्याच्या कोंढव्यातले, कॅम्पातले मुस्लिम लोकही विचारतात, कारण त्यांची नातीगोती त्या मुलखांत पसरलेली असतात. दत्तकाच्या कामात, गृहभेटी करता करता माझे केस पांढरे झाले. त्या शिदोरीतल्या चार गोष्टी सांगते, पटल्या तर गाठीला बांधा.

आधी देश विचारा, मग मूल

"मुस्लिम देशात दत्तक चालत नाही" असं सरसकट सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. ट्युनिशियाने 1958 सालीच दत्तकाचा कायदा केला. तुर्कस्तानच्या नागरी कायद्यात दत्तक आहे आणि आंतरदेशीय दत्तकाच्या 1993 च्या हेग करारातही तो देश सामील आहे. इंडोनेशियात दत्तक आहे, पण पालक आणि मूल एकाच धर्माचे हवेत अशी अट आहे. इजिप्त आणि मोरोक्कोत आपल्या अर्थाने दत्तक नाहीच, तिथे कफाला, म्हणजे मुलाचं कूळ न बदलता केलेला सांभाळ, आहे. मोरोक्कोचा 2002 चा कायदा सांगतो की कफाला घेणारा मुसलमान असावा. 2012 मध्ये तिथल्या सरकारने आणखी पुढे जाऊन, त्या देशात कायम न राहणाऱ्या परदेशी माणसाला मूल देऊ नये असं परिपत्रक काढलं.

पाकिस्तान आणि बांगलादेशात तर आपलाच जुना ओळखीचा कायदा भेटतो: इंग्रजांनी केलेला 1890 चा पालक आणि पाल्य कायदा. फाळणी झाली, मग बांगलादेश झाला, तरी हा कायदा तिन्ही देशांत टिकून आहे. त्याने पालकत्व मिळतं, दत्तक मिळत नाही. बांगलादेशने 1972 मध्ये युद्धातल्या टाकून दिलेल्या मुलांसाठी खास आदेश काढून दत्तकाचं दार उघडलं होतं, 1982 मध्ये ते बंद केलं.

म्हणून एखादा फोटो पाहून जीव अडकवण्याआधी एवढंच विचारा: त्या देशात दत्तक आहे की फक्त पालकत्व? आणि ते आपल्यासारख्या धर्माच्या, देशाच्या, तिथे न राहणाऱ्या माणसाला मिळतं का? मराठी हिंदू जोडप्याला बहुतेक ठिकाणी याचं उत्तर "नाही" असंच मिळेल. नाही तर नाही. त्यावर हुज्जत घालण्यात वर्षं घालवू नका.

कफाला म्हणजे अर्धवट दत्तक, असं समजू नका

कफाल्यात मुलाला घर मिळतं, अन्न, शिक्षण, माया, दवापाणी सगळं मिळतं. बदलत नाही ते त्याचं कूळ. जन्मदात्या बापाचं नाव त्याच्याकडेच राहतं, आणि तुमच्या मालमत्तेत ते आपोआप वारस होत नाही. कुराणाच्या अहजाब सुऱ्यात मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारावी असं सांगितलं आहे, त्यावर ही सगळी रचना उभी आहे. अनाथाला सांभाळणं हे त्याच परंपरेत मोठं पुण्यकर्म मानलं आहे, हेही विसरू नका. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात, विसाव्या कलमात, दत्तकाच्या शेजारीच कफाल्याचं नाव घेतलेलं आहे.

आपल्याकडेही असं घडलंय. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने लातूर-धाराशिवकडची सुमारे 1200 मुलं पुण्यात आणून शिकवली. त्यांची आडनावं बदलली नाहीत, गावाशी असलेलं नातं तोडलं नाही. मुलाला आपलं नाव न देताही त्याचं आयुष्य उभं करता येतं, हे या शहराने डोळ्यांनी पाहिलंय. कफाल्याकडे त्या नजरेने बघा. आणि मूल आपल्या नावाचंच हवं असा तुमचा आग्रह असेल, तर कफाल्याच्या वाटेला जाऊच नका. त्यात ना तुमचं समाधान होईल, ना मुलाचं.

भारताची वेस ओलांडताना दोन्ही दारं ठोठावा

समजा, तुम्ही राहता त्या देशात दत्तक चालतं आणि तुम्हाला ते मिळालंही. तरी मूल विमानात बसवून लोहगाव विमानतळावर उतरवता येत नाही. आपला नियम असा: भारतीय नागरिकाने परदेशात दत्तक घेतलं तर तिथली कारवाई तिथल्या कायद्याने आधी पुरी व्हायला हवी. तो देश हेग करारातला असेल तर आपल्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची, म्हणजे काराची मंजुरी लागते. मुलाकडे परदेशी पासपोर्ट असतो, त्यामुळे त्याला तिथल्या भारतीय वकिलातीकडून व्हिसा काढावा लागतो आणि गृहमंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची परवानगीही घ्यावी लागते. भारताचं नागरिकत्व आपोआप चिकटत नाही, अर्ज करून नोंदवावं लागतं.

आणि ज्या देशात फक्त कफाला किंवा पालकत्व मिळालं, तिथला कागद हा आपल्याकडचा दत्तकाचा हुकूम नव्हे. "एकदा पुण्यात आणू, मग इथे दत्तक करून टाकू" असं सांगणारा वकील भेटला तर चहा पिऊन उठा. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असाच एक प्रश्न आला होता. मूल मुस्लिम देशातलं नव्हतं, अमेरिकेत जन्मलेलं होतं, सख्ख्या नात्यातलं होतं आणि लहानपणापासून भारतात दत्तक मागणाऱ्या जोडप्याकडेच वाढत होतं. तरीही न्यायालयाने सांगितलं की परदेशी नागरिक असलेलं मूल आपल्या बाल न्याय कायद्याखाली असं दत्तक घेता येत नाही, तो कुणाचा मूलभूत हक्कही नाही. आधी अमेरिकेच्या कायद्याने दत्तक पुरं करा, मग भारतात आणण्याची पुढची कारवाई करा. नात्यातल्या, हातावर वाढलेल्या मुलाची ही कथा, तर परक्याची काय असेल ते समजून घ्या.

युद्ध, भूकंप झाला की हात आखडता घ्या

हे ऐकायला कठोर वाटेल. टीव्हीवर ढिगाऱ्यातून काढलेलं लेकरू दिसलं की कुणाचंही काळीज हलतं, आणि दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. पण अशा वेळी एकटं सापडलेलं मूल अनाथच असतं असं नाही. बाप दुसऱ्या इस्पितळात असतो, मावशी दुसऱ्या छावणीत असते. त्यांना शोधणं हे पहिलं काम, आणि त्याला महिने, कधी वर्षं लागतात. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचे प्रांतातली मुलं बाहेर न्यायला बंदी घातली होती ती याच कारणाने. आपल्याकडे 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत "दोन दिवसांची मुलगी आहे, आईवडील गेले, कुणाला हवी का" असे व्हॉट्सअ‍ॅप संदेश फिरत होते. ते पुढे पाठवणंही चूक होतं. मदत करायचीच तर पैसे, औषधं, कपडे पाठवा. मूल मागू नका.

आखातात राहता? मग मायदेशाकडे वळा

बहुतेकांसाठी खरी वाट ही आहे आणि ती खुली आहे. दत्तकाच्या रांगेत अनिवासी भारतीयांना निवासी भारतीयांच्या बरोबरीचा हक्क आहे. ज्या देशात काराने मान्य केलेली संस्था आहे तिथे तिच्यामार्फत, नसेल तिथे भारतीय वकिलातीमार्फत नोंदणी होते.

वयाचं गणित आधी मांडा. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत हवी. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100, त्यापुढे 110. एकट्या पालकाला पहिल्या गटासाठी 40 ची मर्यादा आहे. लग्नाला, म्हणजे सुखाने चाललेल्या संसाराला, दोन वर्षं झालेली हवीत. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. रांग लांब आहे, धडधाकट तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. म्हणून निर्णय लांबवू नका. चाळिशीत नोंदणी केलीत तर नंबर येईपर्यंत वयोगटच बदललेला असू शकतो. थोडं मोठं मूल किंवा उपचारांची गरज असलेलं मूल स्वीकारायची खरोखर तयारी असेल, तर वाट पुष्कळ कमी होते. तयारी मात्र खरी हवी, रांग टाळायची युक्ती म्हणून नको.

मुलाची माहिती काराच्या पोर्टलवर आली की ते मूल राखून ठेवायला मोजकेच तास मिळतात. त्या तासांत सासरमाहेरच्या सगळ्यांची परिषद भरवू नका. ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला आधीच सांगून ठेवा, वैद्यकीय अहवाल त्यांना दाखवा आणि दोघांनी मिळून ठरवा. पुढे संस्थेत जाऊन मूल बघायचं, मग जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम. सप्टेंबर 2022 पासून हा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं ना-हरकत पत्र. हुकमावर आणि दाखल्यावर नावाचं स्पेलिंग तुमच्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते तिथेच उभं राहून तपासा. आखातातला आश्रिताचा व्हिसा अशाच एका अक्षरावर अडतो. ओमान, बहरीनला अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचा, शिक्का चालतो. अमिरातीसाठी वकिलातीचं साक्षांकन करून घ्यावं लागत आलंय. हे करणारी खिडकी कुठली, ते मुलाला घरी आणण्याआधी शोधून ठेवा.

मुस्लिम जोडप्यांना खास चार शब्द

तुम्हाला फक्त पालकत्व मिळतं, दत्तक नाही, हे आता खरं राहिलेलं नाही. 1972 मध्ये सगळ्या धर्मांसाठी दत्तकाचं एक विधेयक संसदेत आलं होतं. मुस्लिम समाजातून विरोध झाला आणि 1978 मध्ये ते मागे घेतलं गेलं. पुढे सामाजिक कार्यकर्त्या शबनम हाश्मी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि 19 फेब्रुवारी 2014 ला निकाल आला: बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माचा माणूस दत्तक घेऊ शकतो. सक्ती नाही. ज्याला आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे पालकत्वच हवं, त्याला 1890 च्या कायद्याची वाट मोकळी आहे. फरक लक्षात ठेवा: पालकत्व मुलाच्या अठराव्या वर्षी संपतं, दत्तकाचं नातं संपत नाही. पोर्टलवर मुलाचा धर्म निवडता येत नाही, हेही मनाशी आधीच ठरवून घ्या.

कोंढव्यातल्या एका गृहभेटीत सगळे कागद बघून झाले, पगाराच्या पावत्या झाल्या, मुलासाठी लावलेली खोली बघून झाली. सून चहा आणायला उठली तशी कोपऱ्यात बसलेली दादी हळूच म्हणाली, "बाई, मुलगा मोठा झाला की सुनेने त्याच्यापासून पडदा करायचा का?" मुलगा-सुनेने आठ पानी अर्ज भरला होता, पण घरातला खरा प्रश्न म्हातारीने विचारला. तो टाळू नका. त्याला धर्मशास्त्रातच उत्तर आहे: दोन वर्षांच्या आतल्या बाळाला आईने अंगावर पाजलं तर दुधाचं नातं लागतं, मग पडदा उरत नाही. हनफी मताने एकदा पाजलं तरी पुरतं, कोकणी मुसलमान ज्या शाफई मताचे, त्यात पाच वेळा पाजावं लागतं. बाळंतपण न झालेल्या बाईलाही डॉक्टरच्या मदतीने दूध येऊ शकतं. ते जमवायचं तर मूल येण्याच्या कितीतरी आधी तयारीला लागावं लागतं. मौलाना आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांनाही विचारा.

वारशाचं आजच करून ठेवा. बाल न्याय कायद्याने दत्तक मूल सर्वार्थाने तुमचंच होतं, पण उद्या चुलत्यांनी वैयक्तिक कायदा पुढे केला तर पोर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसेल. हिबा करा, म्हणजे जिवंतपणी बक्षीस द्या, आणि नुसता कागद न करता ताबाही द्या, नाहीतर हिबा पुरा होत नाही. मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयतही, म्हणजे मृत्युपत्रही, करता येते. हिबा आणि वसीयत दोन्ही चांगल्या वकिलाकडून लिहून घ्या.

गृहभेटीला घर सजवू नका

समाजसेविका येणार म्हणून पडदे बदलणारे, शेजाऱ्यांना पढवून ठेवणारे खूप पाहिले. आम्ही घराची झळाळी बघत नाही. मूल रात्री दोनला रडलं तर कोण उठणार, हे बघतो. नवरा उत्तर देताना बायकोकडे बघतो का, आजीआजोबांचा होकार तोंडदेखला आहे का, हे बघतो. पगार बेताचा असला तरी चालतो. खोटं बोललं तर चालत नाही. आधीचं मूल असेल तर त्याला बाजूला घेऊन मोकळेपणी विचारा, त्याचं मनही चाचपा.

मूल घ्यायला संस्थेत जाल, ती ससूनच्या आवारातली श्रीवत्स असो की दुसरी कुठली, तेव्हा पेढ्यांच्या गडबडीत बाळाला सांभाळणाऱ्या मावशींशी दहा मिनिटं बोला. बाळ कुठल्या कुशीवर झोपतं, दूध किती कोमट लागतं, कुठलं गाणं म्हटलं की गप्प होतं, हे फायलीत नसतं, मावशीला ठाऊक असतं. ज्या दुपट्यात ते झोपत होतं ते मागून घ्या, आणि चार दिवस धुऊ नका. नव्या घरात त्याच्या ओळखीचा तेवढाच एक वास असतो.

पैशाचा वास आला की मागे फिरा

कारा शुल्क ठरवून देते, पावती मिळते. त्यावर "देणगी" मागण्याचा संस्थेला अधिकार नाही. पुण्यातल्याच एका संस्थेच्या परदेशी दत्तकांची चौकशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयला करावी लागली होती, हे शहर विसरलेलं नाही. नियम डावलून मूल घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मूल विकत घेतलं-दिलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. इस्पितळातली आया, ओळखीचा डॉक्टर, परदेशातला "एजंट" यांच्यामार्फत मूल येत असेल, तर ते कुणाच्या तरी कुशीतून ओढून आणलेलं असू शकतं.

सांगायचं तेव्हा सांगा, कागद जपा

मुलाला दत्तक असल्याचं शाळेत जाण्याआधीच कळायला हवं, आणि ते तुमच्या तोंडून. लग्नाच्या बोलणीत शेजारणीकडून कळलं तर तुमच्या वीस वर्षांच्या मायेवर त्याचा विश्वास उरत नाही. अठरा वर्षांनंतर आपली मुळं शोधण्यासाठी अर्ज करायचा हक्क त्याला नियमाने दिला आहे. पुण्यात जन्मून जर्मनीत दत्तक गेलेल्या एका मुलाने मोठा झाल्यावर आपल्या जन्माच्या कागदांसाठी इथल्या कोर्टात वर्षानुवर्षं झगडा दिला. परक्या देशातून आलेल्या मुलाला ही गरज दुपटीने असते. त्याच्या गावाचं नाव, सापडल्याची तारीख, पहिला फोटो, पहिल्या नावाचा दाखला, सगळं एका फायलीत घाला. त्याच्या मुलखाची भाषा, तिथले सण याबद्दल त्याने विचारलं तर चिडू नका. त्यात तुमचा अपमान नाही.

शेवटी एकच सांगते. हे कागद आपल्या समाधानासाठी जमवायचे नसतात. अठराव्या वर्षी ते पोर फाईल उघडून "मी इथे कसा आलो?" असं विचारेल, तेव्हा प्रत्येक पान त्याच्यासमोर ताठ मानेने ठेवता आलं पाहिजे. एकही पान लपवावं लागणार असेल तर ते मूल घेऊ नका. आणि सगळी पानं दाखवता येणार असतील तर मात्र वेळ दवडू नका, आजच नोंदणी करा.